‘स्लायडिंग फेज’: घसरता टप्पा की सरकती प्रावस्था?

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. भौतिकशास्त्रातल्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा सारांश ती मराठीत लिहिते आहे. मूळ इंग्रजी शब्द ‘स्लायडिंग फेज इन वीकली कपल्ड लेयर्स’; फेज म्हणजे पदार्थाची एक विशिष्ट स्थिती. ‘दुर्बल युग्मित स्तरांतील घसरता टप्पा’ हे तिचं भाषांतर चालेल का?

आधी ‘लेयर्स’ ही वस्तू पाहू. ग्रॅफाइटमध्ये एकाच प्रतलातले शेजारी कार्बन अणू ०.१४२ नॅनोमीटरवर घट्ट बांधलेले असतात. प्रतला-प्रतलांतलं अंतर मात्र ०.३३५ नॅनोमीटर आणि बंध क्षीण. म्हणून ग्रॅफाइटची पेन्सिल कागदावर उतरते. अशा रचनेला ‘स्तर’ म्हटलं की पातळी आठवते, ‘थर’ म्हटलं की दहीहंडी. ठाण्यात तर थर म्हणजे गोविंदांचेच, खांद्यावर भार घेऊन उभे. तळचा हलला की सगळे खाली. तिथे जोड अजिबात क्षीण नाही.

मी ‘पदर’ म्हणेन. घडीची पोळी लाटताना आत तेलाचं बोट फिरवतो आणि पिठी भुरभुरवतो. तव्यावर ती फुगते, पदर सुटतात, तरी पोळी एकच राहते. जोड आहे, पण सैल, हे या शब्दातच आहे. साडीच्या पदराशी घोटाळा होईल ही भीती नको. चौपदरी रस्ता आणि तीनपदरी दोरी आपण रोज म्हणतो.

‘युग्मित’ही सोडा. युग्म म्हणजे जोडी, इथे पदर कितीतरी. ‘सैल जोडलेले’ पुरेसं आहे.

आता ‘स्लायडिंग’. १९९९ साली ओ’हर्न, लुबेन्स्की आणि टोनर या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलेली कल्पना अशी: प्रत्येक पदरात आपापली सुव्यवस्था असते, पण एक अख्खा पदर शेजारच्यावरून हलवला तर ऊर्जा वाढत नाही. मेदाच्या पडद्यांमध्ये डीएनएचे समांतर धागे अडकलेले असतात, त्या रचनेचाही त्यांनी विचार केला होता. ‘घसरणे’मध्ये तोल जाणं आहे, खाली येणं आहे. इथे कोणी पडत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी आपण म्हणतो, ‘जरा सरकता का?’ माणसं बाकावरच राहतात, रांग मोडत नाही. हवं ते क्रियापद हेच.

‘टप्पा’ प्रवासाचा किंवा कामाचा, ‘कला’ चंद्राची. ‘अवस्था’ शाळेपासून स्थायू, द्रव, वायूंना दिलेली आहे. फेजसाठी परिभाषेत ‘प्रावस्था’ रुळला आहे, तोच घ्या. सारांशात मी लिहिलं असतं: ‘सैल जोडलेल्या पदरांमधील सरकती प्रावस्था’.