पुण्यातल्या पुण्यात भाड्याचं घर बदलायचंय; धावपळ होऊ नये म्हणून सुरुवात कुठून करू?

खोक्यांपासून नको, दोन्ही सोसायट्यांच्या ऑफिसपासून करा. सामान कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत आणि कुठल्या लिफ्टनं न्यायचं याचे नियम बऱ्याच सोसायट्यांत असतात. ते न विचारता टेम्पो ठरवला की गेटवरच वाद सुरू होतो. दर एक-दोन वर्षांनी करार संपून घर बदलणं हे पुण्यातल्या भाडेकरूंना नवं नाही, त्या अनुभवावरून सांगतो.

मग गॅस. शहरातच जाताय तर सिलिंडर-रेग्युलेटर परत द्यावं लागत नाही. नवा पत्ता दुसऱ्या एजन्सीच्या भागात असेल तर कनेक्शन तिकडे वर्ग करून घ्या. नव्या घराचा करार नोंदणीकृतच हवा (कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाची आहे, पण पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल). आधारचा पत्ता बदलायलाही तोच चालतो.

खोक्यांवर आत काय आहे ते लिहिण्यापेक्षा ते कुठल्या खोलीत ठेवायचं ते मोठ्या अक्षरांत लिहा, हमालांना तेवढंच लागतं. एक पिशवी मात्र स्वतःजवळ ठेवा:
- औषधं, चार्जर, कागदपत्रं, दागिने
- चहा-साखर, लायटर, एक पातेलं
- चादरी, एक बल्ब, स्क्रू ड्रायव्हर

फ्रीज आदल्या दिवशीच बंद करून पुसून घ्या. दुसऱ्या शहरात जाणार असाल तर गॅसचं वरचं लागू नाही: तेव्हा सिलिंडर-रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्यायचं आणि नव्या गावी नव्यानं भरायचं.