वाचकांचे प्रश्न : उघड्यावरचा सपाट तवा

प्रश्न : आम्ही घराबाहेर मोकळ्या जागेत गॅसवर चालणाऱ्या मोठ्या सपाट तव्यावर जेवण करू लागलो आहोत. सगळे बर्नर मोठे ठेवूनही भाज्यांना किंवा मांसाला खमंग रंग येत नाही. पाणी सुटते आणि पदार्थ पांढुरका राहतो, आणि तव्याच्या मधल्या पट्ट्यात मात्र तोच पदार्थ करपतो. तव्यातच काही दोष असेल का?

उत्तर : तव्यात दोष असण्याची शक्यता कमी आहे. पातळ भांड्याखालची ज्योत वाढवली की फरक लगेच जाणवतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी तव्याचे तसे होत नाही. तो उष्णता सावकाश साठवतो आणि पदार्थ पडला की त्या साठ्यातून ती देऊ लागतो. त्यामुळे पदार्थ टाकण्याच्या क्षणी तव्यात किती उष्णता साठलेली आहे, हे ज्योतीच्या उंचीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते. मध्यम आचेवर दहा ते पंधरा मिनिटे तवा रिकामाच तापू द्यावा. घाईने ज्योत मोठी केली, तर बर्नरच्या वरचा पट्टा भाजतो आणि कडा कोमटच राहतात, कारण पोलादातून उष्णता आडवी पसरण्याचा वेग ॲल्युमिनियमच्या तुलनेत बराच कमी असतो.

आता पाण्याविषयी. खोलीच्या तापमानाचे पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसहा ते सातपट उष्णता उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकून राहते. आपल्याला हवा असलेला तपकिरी रंग आणि खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतात, तिचे वर्णन लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. ही क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे चांगला वेग घेते. म्हणजे ओला पदार्थ, गच्च भरलेला तवा आणि अपुरी साठवलेली उष्णता एकत्र आली, की तव्यावर पदार्थ भाजला न जाता वाफवला जातो.

यावरचे उपाय साधे आहेत, पण ते सगळे एकदम करावे लागतात. चिरलेल्या भाज्या आणि मांस स्वच्छ कापडाने किंवा कागदाने टिपून घ्यावे. मशरूमसारख्या पाणी सोडणाऱ्या भाज्यांना मीठ शेवटी घालावे. तव्याचा निम्मा भागच वापरावा आणि पदार्थ दोन-तीन घाण्यांत करावा. कांद्याच्या चकत्या टाकल्यावर कान देऊन ऐका : चर्र असा कोरडा आवाज टिकून राहिला तर सारे ठीक आहे. त्याच्या जागी ओलसर रटरट ऐकू आली आणि चकत्यांच्या कडेला बुडबुडे दिसू लागले, तर चकत्या लगेच पसराव्यात किंवा काही बाजूला काढाव्यात. अशा वेळी उलथण्याने सतत ढवळणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण ढवळल्याने तव्याला पुन्हा तापायला उसंत मिळत नाही.

तवा किती तापला हे ओळखण्यासाठी पाण्याचे दोन थेंब पुरतात. थेंब जागीच चरचरून उडून गेला, तर अंडी किंवा नाजूक मासा करण्याजोगी आच आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडेतिकडे धावू लागला, तर तवा मांसाला रंग आणण्याइतका तापला आहे. आपल्याच वाफेच्या उशीवर तरंगणाऱ्या अशा थेंबाचे वर्णन योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये केले होते. तव्यावर सगळीकडे सारखी आच हवी, हा आग्रहही सोडावा असे मला मनापासून वाटते. एक बर्नर मोठा, दुसरा मंद आणि तिसरा बंद ठेवला, तर भाजणे, आतपर्यंत शिजवणे आणि गरम ठेवणे ही तिन्ही कामे एकाच वेळी होतात, आणि पूर्ण जेवण एकत्र वाढता येते. घरातल्या शेगडीवर हे इतक्या सहज जमत नाही.

प्रश्न : तव्यावरचा काळा थर पापुद्र्यांसारखा निघतो आणि खाली गंज दिसतो. तवा टाकून द्यावा लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. तो थर म्हणजे तापून घट्ट झालेले तेल असते, आणि ते एका वेळी जाड लावले तर आधी चिकट राहते व पुढे सोलवटते. सुटलेले पापुद्रे खरवडून काढावेत, गंज तारेच्या घासणीने घासावा, तवा धुवावा आणि आचेवर पूर्ण कोरडा करावा. मग अगदी थोडे सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे तेल चोळून, जणू लावलेले सगळे तेल काढूनच टाकायचे आहे अशा रीतीने पुसावे, आणि धूर थांबेपर्यंत तवा तापवावा. असे तीन-चार वेळा करावे. जवसाच्या तेलाचा थर कडक होतो, पण लवकर तडकतो. टोमॅटो, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस तव्यावर फार वेळ शिजवू नये. लिंबू पिळायचेच असेल, तर पदार्थ ताटात काढल्यावर पिळावे. झाकण किंवा आवरण तवा पूर्ण निवल्यावरच घालावे, नाहीतर आत अडकलेल्या ओलाव्यानेच पुन्हा गंज धरतो.

प्रश्न : थंडीत ज्योत मंद होते आणि वारा, पाऊस आला की अडचण होते. अशा वेळी तवा तंबूत किंवा बंद शेडमध्ये न्यावा का?

उत्तर : कधीही नाही. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास असतो ना रंग, त्यामुळे धोका कळण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. शिवाय गळती झालेला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वाऱ्यासाठी तव्याच्या बाजूंना न जळणारा आडोसा लावावा, परंतु त्यात सिलिंडर कोंडला जाऊ नये आणि बर्नरची हवेची वाट अडू नये. थंडीतल्या मंद ज्योतीचे कारण सिलिंडरमध्ये असते. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन हे दोन वायू असतात : ब्यूटेन शून्य अंशाच्या किंचित खालीच वायुरूप व्हायचे थांबते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहते, म्हणून थंड हवेत प्रोपेनचे प्रमाण जास्त असलेला गॅस वापरावा. द्रवाची वाफ होताना सिलिंडर स्वतःही थंड पडतो, आणि बाहेर जमलेल्या दवाची वरची रेघ आतला गॅस कुठपर्यंत आहे ते दाखवते. ज्योत वाढावी म्हणून सिलिंडरला आच देणे जिवावर बेतू शकते. तव्यावरच्या चरबीने पेट घेतला, तर पाणी ओतू नये. हात सुरक्षित पोहोचत असेल तर गॅस बंद करावा आणि धातूच्या झाकणाने ज्वाळा झाकाव्यात. चरबी गोळा होण्याचे पात्र दर वेळी तवा निवल्यावर रिकामे करावे.