कृत्तिकांचा निळा रंग जातो कुठे?

प्रश्न : माझ्याकडे ६ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, फोकल लेंग्थ ७५० मिमी, ट्रॅकिंग माउंट (ताऱ्यांमागे फिरणारा स्टँड) आणि साधा डीएसएलआर. कृत्तिकांचे दोन-दोन मिनिटांचे फोटो काढले पण तारे नुसते पांढरे गोळे येतात, आणि कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. काय चुकतंय?

उत्तर : रंग जातोय तो जास्त एक्सपोजरमुळे. तेजोमेघ काढताना प्रकाश पुरत नाही म्हणून आपण शटर उघडं ठेवत जातो आणि तीच सवय तारकागुच्छालाही लावतो, पण कृत्तिकांचे मोठे तारे इतके तेजस्वी आहेत की पिक्सेल काठोकाठ भरतात, लाल-हिरवा-निळा तिन्ही चॅनल फुल झाले की तारा पांढराच दिसणार, मग सॉफ्टवेअरमध्ये सॅच्युरेशन कितीही ओढा, रंग परत येत नाही. आयएसओ ८०० ला २०-३० सेकंदांचे ६०-७० फोटो घ्या, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) मधेच, आणि डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलमधे स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो बनवा, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ हवी असेल तर लांब एक्सपोजरचा वेगळा सेट घेऊन नंतर जोडायचा.

शेपट्यांचं मात्र नीट बघा हं. मधले तारे गोल आणि कडेच्यांच्या शेपट्या बाहेरच्या बाजूला पसरलेल्या असतील तर तो कोमा नावाचा प्रतिमेतला दोष, न्यूटोनियनच्या आरशाचा स्वभावच आहे, कोमा करेक्टर (कॅमेऱ्यापुढे बसवायचं भिंग) लावला की बराच जातो. पण सगळेच तारे एकाच दिशेला ओढलेले असतील तर आधी पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नीट रोखलाय का, ते तपासा.

फोकस लाइव्ह व्ह्यू १० पट करून, बाहतिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी) लावून करा, आणि रात्री थंडी वाढते तशी ट्यूब आकसते म्हणून तासाभराने पुन्हा बघा. हे लोक हमखास विसरतात.

अजून एक, कृत्तिकांचा पसारा जवळपास २ अंश आणि तुमची फ्रेम, एपीएस-सी सेन्सर (साध्या डीएसएलआरमधला नेहमीचा) धरला तर, १.८ बाय १.२ अंश, म्हणजे कडेचे तारे कापले जाणारच. त्यापेक्षा ययाती तारकासमूहामधला जोडगुच्छ, एनजीसी यादीतले ८६९ आणि ८८४, आधी काढा असं मी आग्रहाने सांगेन. दोन्ही मिळून साधारण १ अंश, आरामात मावतात. साडेसात हजार प्रकाशवर्षांवरच्या त्या निळ्या-पांढऱ्या गर्दीत मोजकेच लाल महाराक्षसी तारे आहेत, ते फोटोत केशरी उतरले की समजा एक्सपोजर जमलं.