'जय भीम कॉम्रेड' पाहायला जावे का? शाहिरी आवडते, राजकारण नको

तुमच्या शहरातील कला केंद्रात आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट दाखवणार आहेत, तुम्हाला शाहिरी आवडते पण राजकारणाचा कंटाळा आहे आणि शाळकरी मुलीला सोबत न्यावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. जरूर जा. मात्र राजकारण वगळून शाहिरी ऐकायला मिळेल ही अपेक्षा सोडून द्या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये हेच घोगरे गायले होते. पुढची चौदा वर्षे पटवर्धन वस्त्यांतून आणि जलशांतून चित्रण करत राहिले, त्यातून हा माहितीपट उभा राहिला.

आमच्या तालुक्याच्या गावी एका कला मंडळाचे छोटे सभागृह आहे. तेथे हा माहितीपट दाखवण्यासाठी मी अर्ज केला, तेव्हा नोंदवहीत 'शाहिरीचा कार्यक्रम' असे लिहून तारीखही मिळाली. विषय कळल्यावर ती नोंद लाल शाईने खोडली गेली आणि 'गाण्यांचा तेवढा भाग दाखवा' असा निरोप आला. निरोप घेऊन आले ते कार्यकारिणीवर असलेले माझे सख्खे मामा. कलेच्या व्यासपीठावर राजकारण आणू नये, असे ते मला आजही ऐकवतात. आणि तेच मामा प्रत्येक मैफलीत अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' गातात. मैनेच्या रूपाचे वर्णन ते रंगवून गातात, पण मुंबईतील गरीब-श्रीमंतांचे चित्र आणि पुढे बेळगाव-कारवारच्या तुटलेल्या मुलखाची व्यथा आली की तेथून पुढे जात नाहीत. ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली आहे. तो लढा काढून घेतला तर मैना गावाला का राहिली, हेच श्रोत्याला कळत नाही.

शेवटी आम्ही बुद्धविहाराच्या भिंतीला पांढरी चादर लावून माहितीपट दाखवला. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे गाऊ लागल्या, तेव्हा मागे बसलेल्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि गाणे संपले तरी तो थांबवला नाही. याच शीतल साठे यांना नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपामुळे भूमिगत व्हावे लागले आणि एप्रिल २०१३ मध्ये त्या विधानभवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाल्या. गाण्याचा राजकारणाशी संबंध नसता, तर गाणाऱ्यांवर ही वेळ आली नसती.

माहितीपट सुमारे तीन तासांचा आहे आणि दिग्दर्शकाने आपली बाजू लपवलेली नाही, हे मात्र ध्यानात घ्या. गोळीबाराची दृश्ये अस्वस्थ करणारी आहेत. मुलगी आठवी-नववीत असेल तर अवश्य न्या, त्याहून लहान असेल तर आधी तुम्ही पाहून ठरवा. नंतर चर्चा ठेवली असेल तर थांबा, आणि कलेत राजकारण कशाला असे कोणी म्हणालेच, तर त्यांना 'माझी मैना' शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायला सांगा.