रिपोर्ट शाळेत दिलाय, तरी काहीच बदललं नाही

'रिपोर्ट देऊन सहा महिने झाले, मॅडम. शाळा काही करत नाही. शाळाच बदलू का?' इंदूरमधल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की एका मुलाच्या निमित्ताने त्याचं उत्तर सविस्तर लिहिते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

निखिल सहावीत, सीबीएसई शाळेत. पाचवीच्या शेवटी तपासणी झाली. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता निघाली, बुद्धी उत्तम. एप्रिलमध्ये नऊ पानी रिपोर्ट शाळेच्या ऑफिसात दिला गेला. ऑक्टोबरमध्ये सहामाहीचे पेपर पिशवीत घालून आई आली. विज्ञानाच्या पेपरात शेवटची चार उत्तरं कोरी होती.

"शाळेत काय होतं रे?" असं विचारलं तर मुलं 'काही नाही' म्हणतात. म्हणून त्याच्यासमोर आठवड्याचं टाइमटेबल ठेवलं आणि सांगितलं, "ज्या मॅमना किंवा सरांना तुझं माहीत आहे, त्यांच्या तासावर टिक कर."

सात शिक्षक होते. टिक दोनच झाल्या, स्पेशल एज्युकेटर (शिकताना अडचण येणाऱ्या मुलांना वेगळी मदत करणारे शाळेतले शिक्षक) आणि वर्गशिक्षिका.

"मॅम, मला येतं सगळं," तो म्हणाला. "पण प्रश्न वाचून होईस्तोवर टाइम संपतो. पाचवीच्या मॅम वाचून दाखवायच्या."

आई चमकली. "कधी?"

"रोज. गणिताचे प्रश्न त्या माझ्या बाकाजवळ उभ्या राहून वाचायच्या. टेस्टमध्येपण."

आई बराच वेळ टाइमटेबलाकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे पाचवीत रिपोर्ट नव्हता, तरी मदत होती. आता रिपोर्ट आहे आणि मदत नाही."

या वाक्यानंतर शाळा बदलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पाचवीपर्यंत एकच शिक्षिका तीन-चार विषय शिकवते. तिला मूल कळतं, ती नकळत वाट काढते. सहावीत विषयागणिक शिक्षक येतात आणि ती मदत त्या बाईंबरोबर मागे राहते. त्यामुळे सहावीत मूल 'अचानक घसरलं' असं वाटतं. मुलाची अडचण जुनीच असते, भोवतालची माणसं बदललेली असतात. म्हणून मी मुलाइतकंच त्याचं टाइमटेबलही तपासते आणि बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते.

स्पेशल एज्युकेटरला दोष देऊ नका. सगळ्या वर्गांतल्या मुलांच्या फायली, रिसोर्स रूमचे म्हणजे अशा मुलांना वेगळ्या खोलीत शिकवायचे तास, वर सुट्टीवरच्या शिक्षकांचे बदली तास असं सगळं बहुधा एकाच व्यक्तीवर असतं. नऊ पानी रिपोर्ट सात जणांपर्यंत पोचवायचा, तर तो आधी एका पानावर आणावा लागतो. ते पान पालकांनी आणि त्यांनी मिळून करायचं.

निखिलच्या पानावर वर दोन ओळी होत्या: तोंडी उत्तर नीट देतो, आकृती काढून समजावतो. मग कुठे अडतो ते. त्याखाली शिक्षकांनी करायच्या चारच गोष्टी. फळ्यावरचं उतरवायला लावू नये, टिपणांची झेरॉक्स द्यावी. मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नये, आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवावा. गणितातले शाब्दिक प्रश्न एकदा वाचून दाखवावेत. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. प्रत्येक ओळीपुढे शिक्षकाचं नाव आणि तळाशी पुढच्या भेटीची तारीख. चारांच्या दहा ओळी केल्या, की एकही पाळली जात नाही. 'निखिलकडे विशेष लक्ष द्यावं' अशी ओळ तर लिहूच नका, कारण तिच्यातून उद्याच्या तासाला नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

वडिलांना भीती होती शिक्क्याची. ती खोटी नाही. म्हणून पानावर निदान नसतं, बुद्ध्यांकही नसतो. पूर्ण रिपोर्ट स्पेशल एज्युकेटरच्या कपाटात राहतो. इतर शिक्षकांना काय करायचं तेवढंच कळतं.

भेट सगळ्या शिक्षकांबरोबर एकदाच, मधल्या सुट्टीला जोडून पंचवीस मिनिटांची मागावी. ती संपल्यावर त्याच दिवशी 'आज असं असं ठरलं' एवढा ईमेल समन्वयकांना पाठवावा. कायद्याचा आधार माहीत असावा. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमात 21 प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. कलम 16 मध्ये ती लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करण्याची जबाबदारी मान्यताप्राप्त शाळांवर टाकली आहे, तर कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. पण पहिल्याच भेटीत कलमं काढली, तर समोरचा माणूस मुलाबद्दल बोलायचं सोडून स्वतःच्या बचावाचं बोलू लागतो.

भेटीत हिंदीच्या शिक्षिका म्हणाल्या, "वाचता येतं की त्याला." खरं होतं. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बरेच जुळतात, त्यामुळे अशी मुलं अडखळत का होईना, बरोबर वाचतात. त्यांची अडचण वेगात दिसते. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजावं, वर्गातल्या दोन-तीन मुलांचंही मोजावं, म्हणजे वाद उरत नाही. आपल्या घरांतली आणखी एक गंमत आहे. निखिल हिंदीत 'शांती', 'कवी' लिहितो आणि त्यावर लाल रेघ येते. हिंदीत ते 'शांति', 'कवि' असतं. मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ, आणि घरी आजीने तेच शिकवलेलं. ही चूक अक्षमतेची नाही. मात्रा गाळणं, 'कर्म'चं 'क्रम' करणं, जोडाक्षर तोडणं, हे पुन्हा पुन्हा झालं तर ते तपासायचं. दोन्ही ढीग वेगळे केले तेव्हा निखिलच्या हिंदीतल्या बऱ्याच चुका पहिल्या ढिगात गेल्या.

मग अंमलबजावणी, आणि खरे अडथळे तिथेच येतात. रिसोर्स रूमचा तास पीटीच्या वेळेत टाकला होता. निखिल कबड्डीत वर्गात पहिला. ज्या तासाला मूल चमकतं तोच काढून घेतला, तर त्याला मदत शिक्षेसारखी वाटते. तास बदलून तिसऱ्या भाषेच्या वेळेत घेतला. परीक्षेचा जादा वेळ कागदावर मंजूर होता, तासाला 20 मिनिटं, म्हणजे अडीच तासांच्या पेपरला 50. पण स्कूल बस पेपर संपताच सुटायची, म्हणून तो स्वतःच उठून यायचा. हे शाळेच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पेपरच्या दिवशी वडील स्कूटरवर न्यायला येऊ लागले. वेगळी खोली आणि तिथला पर्यवेक्षक यांची नावं परीक्षेच्या वेळापत्रकातच लिहून घ्यावीत, ऐनवेळी माणूस मिळत नाही.

बोर्डाच्या सवलतींसाठी दहावीची वाट बघू नका. प्रमाणपत्र कुणाचं चालेल, ते शाळेकडून लेखी विचारून आठवी संपायच्या आत हाताशी ठेवा. सीबीएसईची नोंदणी नववीत होते. लेखनिक घ्यायचा असेल, तर सांगून लिहवून घेण्याचा सराव किमान वर्षभर हवा. ते वेगळं कौशल्य आहे, हुशार मुलंही पहिल्यांदा गोंधळतात.

वार्षिक परीक्षेत निखिलचा विज्ञानाचा पेपर पूर्ण सोडवलेला होता. मार्चअखेर आम्ही पान पुन्हा काढलं, कारण एप्रिलमध्ये ते सातवीच्या शिक्षकांच्या हाती जायला हवं. या वेळी निखिलही बसला होता.

"झेरॉक्सची ओळ इंग्रजी आणि विज्ञानाला राहू द्या," तो म्हणाला. "हिंदीत मी उतरवतो आता."

आईने पेन पुढे केलं. त्याने पट्टी धरून 'हिंदी' हा शब्द खोडला.