बेळगावला पहिल्यांदा येताय? आधी ठिकाणं ठरवा, मग हॉटेल

वहिनी, लॉजच्या फोटोंवर जाऊ नका. मुलं आणि सासूबाई बरोबर आहेत, तेव्हा मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास खोली बघा. किल्ला तिथून जवळच. आतली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची आहे, छतावरचं दगडी कमळ मान वर करून निवांत बघा. पैसे भरण्याआधी फोन करून लिफ्ट, गरम पाण्याची वेळ आणि खोली रस्त्याकडची की मागची, एवढं विचाराच. आम्ही एकदा न विचारता रस्त्याकडची घेतली आणि रात्रभर हॉर्न ऐकले.

गोकाकचा धबधबा पावसाळ्यातच. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. उन्हाळ्यात मात्र नुसता कातळ दिसतो. त्याला पूर्ण दिवस द्या, त्यात सौंदत्तीचं यल्लम्माचं देऊळ कोंबू नका. पौर्णिमेला तर तिथल्या डोंगरावर गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

मला विचाराल तर खानापूर तालुक्यातलं हलशी चुकवू नका. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, गर्दी नाही, सासूबाईंनाही निवांत बसता येईल. डबा मात्र घरून किंवा हॉटेलातून बांधून न्या.

कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, परतीच्या दिवशीच घ्या, ताजा मिळतो.