केस पांढरे होतायत आणि टाळूवर विरळ पण झालेत, कोणता कट ठेवू?

बारीक ठेवा, आणि बाजूचे टाळूवरच्यापेक्षा जास्त बारीक. मी पंचेचाळिशीत हेच केलं आणि आधीच का नाही केलं असं वाटलं. होतं काय, टाळूवर विरळ झालं की आपण तिथले केस वाढवतो आणि भांग खाली कानाकडे सरकवत एका बाजूचे केस दुसरीकडे नेतो, मग जरा वारा आला की सगळं उघडं पडतं. उलट कानावरचे आणि मागचे दाट केस कमी केले की वरचे आपोआप बरे दिसतात. सलूनमध्ये सांगताना बाजूला मशीन २ नंबर म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, वर कात्रीने दीड-दोन सेंटिमीटर एवढं सांगा, आणि मागचा आरसा धरायला लावून भोवऱ्याजवळ कसं दिसतंय ते नक्की बघा. भोवरा फारच मोकळा असेल तर सगळीकडे एकच नंबर मारा.

आता पांढऱ्याचं. काळा डाय लावला की काळे केस आणि खालची कातडी यातला फरक उठून दिसतो, म्हणजे विरळपणा जास्त जाणवतो, पांढऱ्यात तो लपतो. म्हणून माझं मत, रंगवू नका. लावायचाच असेल तर ब्राऊन घ्या, आणि ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून बघा, डायमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी खूप त्रास देते हो.

जेल नको, केसांचे झुपके होतात. आणि अचानक गोल चकत्या पडल्या असतील तर कट राहू दे, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.